मागचं डावं दार

…गाडीच्या मागच्या दाराच्या मुठीवर फेसाचा एक गोळा तेवढा अडून बसला होता, आणि त्याच्या खालचा सगळा फेस मात्र निघाला होता खाली — सावकाश ओघळत नव्हे, चक्क घसरत — आणि पुढच्या दारावर बघावं तर तोच फेस, त्याच डब्यातला, त्याच हाताने आत्ताच मारलेला, जाड साईसारखा जागच्या जागी बसून. त्याने पंपाच्या खटक्यावरचं बोट काढलं. पंपाच्या तोंडातून एक शेवटची फुसकी पिचकारी उडून त्याच्या चपलेवर पडली. तो बघत राहिला.

पंप नवा होता. पाणी भरायचं, त्यात झाकणभर शाम्पू ओतायचा, वरचा दांडा हाताला जड लागेपर्यंत खालीवर करायचा आणि खटका दाबायचा. मग फेस असा काही निघतो की गाडी कुठली आणि ढग कुठला कळू नये. कोपऱ्यावरच्या गाडी धुणाऱ्याला त्याने सोडलं होतं, कारण तो दहा गाड्यांना एकच फडकं फिरवायचा आणि त्या फडक्यात कोणाकोणाची वाळू असेल त्याचा काय भरवसा. भरवसा हा शब्दच त्याच्याकडे जपून वापरला जाई. बायको म्हणालीसुद्धा, "आता त्या फडक्यावरही संशय का?" आणि तो म्हणाला होता, फडक्यावर नाही, फडकं धरणाऱ्यावर.

तर फेस. फेस काही आपल्या मर्जीने घसरत नाही. उन्हात वर्षानुवर्षं रापलेला रंग त्याला धरून ठेवतो, आणि नवा, नुकताच घासून गुळगुळीत केलेला रंग सोडून देतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ठोकलेल्या गाड्या बघण्यात त्याचा जन्म गेला होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर. लोक ठोकून यायचे, काहीतरी सांगायचे, आणि त्यातलं खरं किती हे पत्र्याला विचारायचं, माणसाला नाही — हे त्याचं काम. आणि ते तो इतकं चोख करायचा की गॅरेजवाले त्याला पाठीमागे चुंबकसाहेब म्हणत, आणि ते आपल्याला माहीत नाही असं दाखवणं त्याला आवडे.

म्हणजे हे दार नवं रंगवलंय.

तो खाली बसला. गुडघा कटकन वाजला. डोळा पत्र्याला समांतर नेऊन त्याने दाराच्या कडेने पाहिलं — काम सुरेख होतं, अगदी सुरेख, रंगाचा डाग नाही, लाट नाही. पण खिडकीच्या रबराच्या आतल्या कडेला नखाएवढी रंगाची एक रेघ राहिली होती, आणि रबर काही कारखान्यातून रंग लावून येत नाही. त्याने बोटाच्या पेराने पुढच्या दारावर टिचकी मारली: टण्. मागच्या दारावर: ठक. चाकाच्या वरच्या पत्र्यावरही ठक. आत लांबी भरली होती; चेपलेला पत्रा सारखा करून त्यावर जो लगदा थापतात तो, बोटभर तरी. म्हणजे नुसतं घासलं नव्हतं. चांगलं आत गेलं होतं.

माझ्या गाडीचं दार, आणि मला पत्ता नाही.

पहिल्यांदा त्याला मेहुणा आठवला, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटलं. मेहुण्याने मध्यंतरी दोन दिवस गाडी नेली होती, आणि मेहुण्यावर संशय घेणं हे किती सोपं, किती निरोगी काम! पण नाही… परत आणली तेव्हा तो स्वतः गाडीभोवती एक फेरी मारून आला होता, वाकून, टायर बघून, आणि मेहुणा फाटकाला टेकून हसत म्हणाला होता, "भाऊजी, दातही मोजून घ्या." तेव्हा दार शाबूत होतं. मेहुणा सुटला. उगाच सुटला, असं त्याला वाटलं.

आणि मग… मग तो आठवडा. वादळात झाडं पडून चेपलेल्या गाड्या बघायला तो बाहेरगावी गेला होता तो आठवडा. गाडी घरी होती. तो परत आला तर गाडी फाटकाच्या आत चकचकीत उभी, आणि बायको म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून धुवून घेतली." आणि तो — हा, ज्याच्यापुढे पट्टीचे थापाडे नांगी टाकतात — तो खूश झाला होता! दोन दिवस खूश होता. कपाळावर हात मारावा असं त्याला झालं, पण हाताला फेस होता.

फेस वाळू द्यायचा नसतो, डाग पडतात. त्याने नळी घेतली, टपावरून पाणी सोडलं आणि ते गाडीभर फिरवलं — पण मागच्या डाव्या बाजूला पाणी थेंबाथेंबाने पळत होतं, बाकी गाडीवर चादरीसारखं पसरत होतं. एकदा दिसलं की दिसतच राहतं. इतके दिवस मी रोज ह्या दारापाशी आलो, गेलो, मागच्या सीटवर बॅग टाकली, हेच दार उघडून… आणि दिसलं नाही. कारण बघितलं नाही. घरात कोण बघतं?

रंग कोणाचा, तेही त्याला कळलं. असा हात एकाच माणसाचा. मोठ्या गॅरेजातला तो पेंटर, ज्याला सगळे आरसा म्हणतात, कारण त्याने रंगवलेल्या दारात दाढी करता येते. आणि ह्या आरशाची तारीफ जेवताना कोणी केली होती? मीच. घास हातात धरून, डोळे मिटून, की त्याच्या हातचं काम कोणाला ओळखता येणार नाही, मलासुद्धा नाही. बायको तेव्हा वाढत होती. मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ऐकत नाही असं वाटलं होतं. चांगलंच ऐकलं की.

आणि आरसा! गेल्याच आठवड्यात त्याने न मागता चहा पुढे केला होता, आणि विचारलं होतं, "साहेब, घरी सगळं बरं ना?" इतक्या वर्षांत घरचं कधी विचारलं नव्हतं त्याने. रंगाचं विचारायचा, फार तर पावसाचं. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण चहा चांगला होता. म्हणजे आरशाला माहीत, त्याच्या दोन्ही मदतनिसांना माहीत, गॅरेजच्या मॅनेजरला तर माहीत असणारच. तिथे तो रोज कोणाचं तरी खोटं पकडतो आणि ते सगळे मान खाली घालून हो साहेब, हो साहेब म्हणतात — आणि खाली घातलेल्या मानेत काय चाललं होतं? हसत होते? की कीव करत होते? कीव असेल तर जास्त वाईट.

तो आत गेला. ओल्या चपला दाराशी काढल्या. स्वयंपाकघरात बायको भाजी चिरत होती, पाठमोरी. त्याने फ्रीजच्या दारावरचं गोल लोहचुंबक काढलं. त्याखालचा मुलीचा दात पडलेला फोटो निसटला, तो उचलून त्याने फ्रीजवर ठेवला.

"ते कशाला?" बायको न वळता म्हणाली. न वळता तिला कसं कळलं, हाही एक प्रश्न.

"असंच."

"गाडी धुवायला लोहचुंबक लागतं?"

तो दाराकडे वळला. सुरी थांबली… मग पुन्हा चालू झाली, जरा जास्तच एकसारखी. आणि बाहेर येता येता त्याच्या लक्षात आलं की चुंबकाची गोष्टही त्यानेच सांगितली आहे, एकदा नव्हे, पाहुणे येतील तेव्हा तेव्हा: लोखंडी पत्र्याला चिकटतं, लांबी भरली असेल तिथे चिकटत नाही, रुमालात गुंडाळून धरायचं म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही. ह्या घरात लोहचुंबक हातात घेऊन बाहेर जाणं म्हणजे काय, हे दोघींना पाठ होतं. त्याने ओरडून सांगितलं असतं तरी इतकं स्पष्ट झालं नसतं.

पुढच्या दारावर रुमालातलं चुंबक टपकन बसलं. मागच्या दारावर ठेवलं, तर क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि घसरून खाली साबणाच्या पाण्यात पडलं.

सापडलं! एक जुनी ओळखीची ऊब छातीत आली, दर वेळी येते तशी — समोरचा माणूस "उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं हो साहेब" असं म्हणत असतो आणि पत्रा मुकाट्याने सांगत असतो की गाडी चांगली पळत होती — ती ऊब आली, आणि ह्या वेळी तिला बसायला जागाच मिळेना. सापडलं, पण कोण? समोर कोण होतं? त्याने पाण्यात हात घालून चुंबक चाचपलं, आणि का कोण जाणे, त्याला ते काचेच्या ग्लासाचं आठवलं.

मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. ग्लास फुटला होता, आणि ती म्हणाली होती, मांजराने पाडला. तो हसला नव्हता. उकिडवा बसून त्याने काचा पाहिल्या होत्या, मोठी कुठे, बारीक कुठे, आणि शांतपणे तिला समजावून सांगितलं होतं की ग्लास ह्या उंचीवरून, ह्या बाजूने, ओल्या हातातून सुटला आहे. शिवाय आपल्याकडे मांजर नाही. ही गोष्ट तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, लोक हसून हसून बेजार होत, "आपल्याकडे मांजर नाही" ह्याला तर हमखास. पण आज काचा आठवेनात. आठवला तो तिचा चेहरा… ती काचांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी काचांकडे बघत असताना. केवढीशी होती. आणि त्यानंतर तिने कधी काही फोडलं नाही. निदान मला कळेल असं नाही.

मी काय राक्षस आहे? कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दार चेपलं म्हणून मी काय केलं असतं? काहीच नाही. विचारलं असतं. फक्त विचारलं असतं — कुठे, कधी, कसं, वेग किती, समोर काय होतं, ब्रेक आधी की नंतर… आणि हे मनातल्या मनात म्हणतानाच त्याला ती यादी ऐकू आली, स्वतःच्या आवाजात, त्या थंड, सभ्य, कामाच्या आवाजात. त्याला एकदम दमल्यासारखं झालं. दोघींनी मिळून त्या आवाजापासून वाचायला एवढा खटाटोप केला होता. गाडी लपवली, आरशाला गाठलं, त्याच्या हातापाया पडल्या असतील, मूग गिळून बसल्या, आणि तो बॅग घेऊन घरात आला तेव्हा हसल्या. आता त्याने विचारलं तर उत्तरं मिळतील, सगळी मिळतील, ती काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आणि त्यानंतर ह्या घरात त्याला आपणहून कोणी कधी काही सांगणार नाही, हे त्याला जितकं स्वच्छ दिसलं तितकं ते दारही दिसलं नव्हतं. आणि न विचारावं तर रोज हेच दार उघडून बॅग टाकायची, बावळटासारखी.

"बाबा, झाली का गाडी?"

मुलगी पायरीवर उभी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गाडीचं लायसन्स नुकतंच हातात आलेलं. केस तसेच, डोळ्यांवर झोप, पण झोप जरा ठेवणीतली वाटली.

"इकडे ये. डाग कुठे राहिलाय का बघ. माझा चष्मा आत आहे."

चष्मा त्याच्या खिशात होता. झालं, सापळा लागलासुद्धा. हात आपोआप काम करत होते. ती आली, गाडीभोवती फिरली, बॉनेट बघितलं, काच बघितली, वाकून पुढचं चाकसुद्धा बघितलं, आणि मागच्या डाव्या बाजूला आल्यावर ती समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघू लागली. असंच होतं. माणूस सगळीकडे बघतो, तिथे सोडून.

"छान दिसतेय," ती म्हणाली. "नव्यासारखी."

आणि तिने जीभ चावली. खरोखरची नाही, आतल्या आत, पण त्याला दिसली. त्याला सगळंच दिसत होतं आणि त्याचा कंटाळा येत होता. कंटाळा नव्हे, भीती. आता एक वाक्य, फक्त एकच वाक्य, आणि ही रडेल.

"हं," तो म्हणाला.

तेवढ्यात बायको आली. हातात चहाचा कप होता, त्याचा एकट्याचा, आणि ती सरळ चालत येऊन मुलीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. कप तिने गाडीच्या टपावर ठेवला. एरवी तो तिथे कोणाला टाचणीही ठेवू देत नसे.

"चुंबक चिकटलं नसेल," ती म्हणाली.

"नाही चिकटलं."

"मी घासली. तुम्ही नव्हतात तेव्हा. सुपरमार्केटच्या तळघरात गाडी लावतात ना, तिथून वर येताना. डावीकडे वळत होते. खांब अगदी वळणाला लागून आहे. वेग काहीच नव्हता, पहिला गिअर होता. उजेड बरा होता, दिवे चालू होते. मागे गाडी होती म्हणून मागे घेता आली नाही, म्हणून तशीच पुढे काढली आणि दार आणि मागचा पत्रा आत गेला. संध्याकाळची वेळ. मी सांगणार होते."

ती थांबली. तो ऐकत होता, आणि त्याचं ते दुसरं, कामाचं मन, ज्याला त्याने बोलावलं नव्हतं, तेही ऐकत होतं आणि म्हणत होतं: फार चांगलं आहे. फारच नीट आहे. जागा, दिशा, गिअर, उजेड, वेळ… मी जे जे विचारतो ते सगळं, न विचारता. ज्याची गाडी खरंच ठोकली जाते त्याला असलं काही आठवत नाही. त्याला आठवतं की पिशवीतले कांदे सीटखाली गेले, की रेडिओवर कोणीतरी हसत होतं, की मागचा माणूस हॉर्न वाजवत होता आणि त्याच्या शर्टाला बटण नव्हतं. हिच्या सांगण्यात एकही कांदा नव्हता. शिवाय ही बाई गेली वीस वर्षं गाडी चालवतेय, आणि वळताना इतकी लांबून वळते की मागचे वैतागतात. आतल्या कोपऱ्याला मागचं दार घासायची चूक शिकाऊ माणसाची. मुलगी आईच्या खांद्यामागे उभी होती. तिचे ओठ हलत नव्हते, पण आई बोलत असताना ती प्रत्येक वाक्याला हळूच श्वास सोडत होती, पाठ केलेला धडा दुसरा कोणी न चुकता म्हणतोय हे ऐकल्यासारखा.

म्हणजे ती. नक्की ती. नक्की? …जवळजवळ. एक प्रश्न विचारला की झालं: पिशव्या कुठे ठेवल्या होत्यास? बायको म्हणेल डिकीत, मुलगी त्याच वेळी मागच्या सीटकडे बघेल. इतकं सोपं. प्रश्न जिभेवर येऊन बसला होता, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न तोंडात किडलेल्या शेंगदाण्यासारखा लागला. खोटं त्याच्यासमोर उभं होतं, कप घेऊन आलेलं, लेकीला पाठीशी घातलेलं, घाबरलेलं. असलं खोटं त्याच्याशी कोणी कधी बोललं नव्हतं. त्याच्यासाठी तरी कोणी बोललं असतं का?

"बरं," तो म्हणाला. "होतं असं. कोणाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

त्याने कप उचलला. चहा गरम होता. मुलगी "मी आंघोळीला जाते" असं काहीतरी पुटपुटून आत गेली, पायरीवर अडखळली, गेली. आता बायकोही जाईल असं त्याला वाटलं. आता हे संपेल, मोकळं वाटेल, कदाचित ती खांद्याला हात लावेल… असं काहीतरी त्याच्या मनात होतं खरं. पण ती हलली नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"आणखी काही विचारायचं नाही?"

"नाही."

"तुम्हाला?"

"नाही म्हणतोय ना."

तिने मान किंचित कलती केली आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, कपाळ, डोळे, तोंड, कप धरलेला हात. ही नजर त्याला ठाऊक होती. फक्त ती ह्या बाजूने कशी दिसते ते ठाऊक नव्हतं. हा उद्या विचारेल, ती नजर म्हणत होती. हा परस्पर आरशाकडे जाईल. हा पोरीला एकटीला गाठेल. हा काहीतरी ठरवून गप्प आहे.

"खरंच काही नाही," तो म्हणाला, आणि "खरंच" हा शब्द तोंडातून पडताच त्याचा त्यालाच तो पोकळ वाटला, कारण तो शब्द कोण वापरतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? आणि खरंच काही नव्हतं का? आत कुठेतरी तो पिशव्यांचा प्रश्न अजून उभा नव्हता का, दार लोटून घेऊन, वाट बघत? होता. पण तो विचारायचा नाही हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, आणि हे असं दोन्ही एकाच वेळी खरं असतं हे कोणाला कसं सांगायचं… किती माणसं त्याच्यासमोर उभी राहिली होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, आणि त्याला वाटत असे, खरं बोलायला माणसाला इतकं जड का जावं?

"सांगतोय ना," तो म्हणाला, "मला काही विचारायचं नाहीये."

ती ऐकत होती. तिचा विश्वास बसत नव्हता. आणि तो बसावा म्हणून काय बोलायचं असतं, कुठला शब्द, कुठला आवाज, हे त्याला, इतक्या माणसांचं इतकी वर्षं ऐकूनही, ठाऊक नव्हतं.